मौनाचा अर्थ : ठाणे-कल्याण लोहमार्ग आणि दूरनियंत्रित खेळवाहने

‘मौन हे संमतीचे लक्षण’ हे वचन मराठी व्यवहारात इतके रुळले आहे की, त्याच्या सत्यतेविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. लग्नाच्या बोलणीत मुलीचे न बोलणे, सभेत ठराव मांडल्यावर कोणी हात वर न करणे, धाकट्याने वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहणे, या साऱ्यांचा अर्थ ‘होय’ असाच घेण्याचा प्रघात आहे. लोहमार्गाचा कारभार मात्र याच्या नेमक्या उलट तत्त्वावर उभा आहे. तेथे मौन म्हणजे नकार. पुढच्या ठाण्याकडून उत्तर आले नाही, तर गाडी सुटत नाही. दिवा विझला, तर तो लाल आहे असेच धरून चालावे लागते.

ठाणे, डोंबिवली व कल्याण या गावांची वाढ ज्या लोहमार्गामुळे झाली, त्याच मार्गालगतच्या वसाहतींत आज हौशी विद्यार्थी घरच्या वायफायवरून चालणाऱ्या छोट्या गाड्या तयार करतात. बोलीत तिला ‘रिमोटची गाडी’ म्हणतात. आज्ञा देणारा एकीकडे, आज्ञा पाळणारे वाहन दुसरीकडे, आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारा दुवा अशी तिची रचना असते. हा दुवा तुटला, तर वाहनाने काय समजावे, हा त्या गाडीपुढचा पहिला प्रश्न होय. दूरनियंत्रणाचा इतिहास सामान्यतः साधनांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी तार, मग बिनतारी लहरी, मग संगणकांचे जाळे. हा क्रम चुकीचा नाही. परंतु त्यात एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. साधन बदलले तेव्हा मौनाचा अर्थही बदलला, आणि तो काय असावा हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागले. प्रस्तुत निबंधात हे सूत्र धरून या विषयाचा विचार केला आहे.

१. लोहमार्ग : मौन म्हणजे ‘थांबा’

बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरांची वाट १६ एप्रिल १८५३ रोजी खुली झाली, आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणपर्यंत जाऊ लागली. ज्या इंग्लंडातून ही विद्या आली, तेथे त्या काळी दोन गाड्यांमध्ये ठराविक मिनिटांचे अंतर ठेवण्याची पद्धत सर्रास चालू होती. पहिली गाडी सुटून अमुक मिनिटे झाली की दुसरी सोडावी. या पद्धतीत पुढच्या गाडीविषयी काहीच वार्ता नसणे म्हणजे ती सुखरूप पुढे गेली, असे गृहीत होते. थोडक्यात, तेथेही प्रथम मौन हे संमतीचेच लक्षण मानले गेले होते.

हा समज किती महाग पडतो, हे दोन अपघातांनी दाखवून दिले. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडातील ॲबट्स रिप्टन येथे हिमवादळ चालू होते. तेथील सिग्नल एरवी ‘मार्ग मोकळा’ अशा स्थितीत ठेवले जात आणि गरज पडली तरच ‘थांबा’ दाखवीत. बर्फ गोठल्यामुळे ते ‘थांबा’कडे वळलेच नाहीत, आणि आज्ञा पोहोचली नसताना यंत्राने ‘या’ असे सांगितले. पुढे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडातील आर्मा येथे चढावर गाडीचे दोन भाग करण्यात आले. तिचा ब्रेक असा होता की, नळी जोडलेली असेपर्यंतच तो लागू राही. नळी सुटताच मागचे डबे उतारावरून मागे घसरले आणि सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून तारायंत्रावरील ब्लॉक पद्धत आणि आपोआप लागणारे सलग ब्रेक प्रवासी गाड्यांवर बंधनकारक करण्याची तरतूद केली.

या साऱ्यातून जे तत्त्व निष्पन्न झाले, ते थोडक्यात असे: यंत्राची मूळ स्थिती ‘थांबा’ ही असावी, आणि ‘चला’ हे सतत नव्याने सांगावे लागावे. ब्लॉक पद्धतीत एका ठाण्याचा स्टेशनमास्तर पुढच्या ठाण्याकडे ‘लाइन क्लिअर’ मागतो. पुढच्याने ती दिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. सिग्नलच्या खांबावरील हात वजनाच्या योजनेमुळे आडवा, म्हणजे ‘थांबा’ या स्थितीत राही. केबिनमधून तार ओढली की तो खाली झुके, आणि तार तुटली की आपल्याच भाराने पुन्हा आडवा होई. १८७२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने सिद्ध केलेल्या ब्रेकमध्ये नळीतील हवेचा दाब ब्रेकला मोकळा ठेवतो. दाब गेला की ब्रेक लागतो. त्याच वर्षी विल्यम रॉबिन्सन याने रुळांतूनच विजेचा मंद प्रवाह खेळवण्याची युक्ती काढली. प्रवाह पोहोचत राहिला तर मार्ग मोकळा. गाडीची चाके आली, रूळ तुटला किंवा घट संपला, तर प्रवाह खुंटतो आणि सिग्नल लाल होतो. कारण काहीही असो, मौनाचा अर्थ एकच.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची पहिली गाडी धावली, आणि १९३० पर्यंत विद्युतीकरण कल्याणच्या पलीकडे पुणे व इगतपुरी येथवर पोहोचले. उपनगरी गाडीत मोटरमनच्या हाताखाली जो दांडा आला, त्याचे इंग्रजी नाव ‘डेड मॅन्स हँडल’ असे आहे. मोटरमनने तो दाबून धरला पाहिजे. त्याला घेरी आली, हात सुटला, की वीज तुटते आणि ब्रेक लागतो. येथे आज्ञा देणारा माणूस गाडीतच बसलेला आहे. तरीही त्याचे जागेपण यंत्राने गृहीत धरलेले नाही, ते क्षणोक्षणी सिद्ध करावे लागते.

या व्यवस्थेचा ठसा मराठी बोलीवरही उमटला आहे. उपनगरी प्रवासी ‘सिग्नल मिळाला’, ‘सिग्नल मिळत नाही’ असे म्हणतात. लाल दिवा हाही तांत्रिक दृष्ट्या सिग्नलच होय. परंतु बोलीने त्याला सिग्नल मानलेले नाही. तिच्या लेखी सिग्नल म्हणजे अनुमती, आणि ती ‘मिळावी’ लागते. खाली झुकणाऱ्या हातामुळे ‘सिग्नल पडला’ हा प्रयोगही रूढ झाला. एरवी ‘पडणे’ हे क्रियापद हानीचे सूचक, पण येथे ते गाडी येण्याची शुभवार्ता देते. ‘थांबा’ ही मूळ अवस्था आणि ‘चला’ ही मिळवावयाची गोष्ट, हे तत्त्व भाषेने नियमपुस्तक न वाचताच ओळखले, असे म्हणावयास हरकत नाही.

२. बिनतारी लहरी : मौन म्हणजे ‘चालू द्या’

१८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात विद्युच्चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि दारू पेटवून दाखवली. दुरून एक क्रिया घडवणे शक्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले. चालत्या वाहनाचे नियंत्रण मात्र एका क्रियेने भागत नाही. तेथे आज्ञांची मालिका लागते. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात छोटी नौका अशा मालिकेवर चालवून दाखवली, आणि त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबरला त्या योजनेचे पेटंट त्याला मिळाले. स्पेनच्या लेओनार्दो तोरेस केवेदो याने १९०३ मध्ये ‘तेलेकिनो’ हे यंत्र मांडले; त्यात स्पंदांच्या संख्येवरून वेगवेगळ्या आज्ञा ओळखल्या जात.

टेस्लाच्या नौकेत प्रत्येक स्पंदाने आतील चक्र एक पायरी पुढे सरके आणि सुकाणूची स्थिती बदले. दोन स्पंदांच्या मधील शांततेचा अर्थ ‘आहे ते चालू द्या’ असा होता. ज्या वर्षांत लोहमार्गाने ‘मौन म्हणजे थांबा’ हे तत्त्व कायद्याने पक्के केले, त्याच वर्षांत बिनतारी विद्येने मौनाला पुन्हा संमतीचा दर्जा दिला. याचे कारण अज्ञान नव्हे. लहर सतत पाठवणे त्या काळी कठीण होते. एकेक स्पंद पाठवणेच साध्य होते. साधनाच्या मर्यादेतून मौनाचा अर्थ ठरला.

विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत विमानांच्या व मोटारींच्या दूरनियंत्रित प्रतिकृती चालवण्याची हौस पसरली. आरंभीच्या प्रतिकृती-विमानांत सुकाणू वळवण्यापुरतीच आज्ञा असे. संपर्क तुटला तर विमान इंधन संपेपर्यंत आपल्या वाटेने जाई. पुढे, १९८० च्या दशकात अंकीय पद्धतीच्या संचांमध्ये ‘फेलसेफ’ ही सोय आली: आज्ञा येईनाशी झाली की यंत्राने आधी ठरवून दिलेल्या स्थितीत जावे. लोहमार्गाला जे १८८९ मध्ये उमगले होते, ते हौशी बिनतारीला जवळजवळ शंभर वर्षांनी साधले.

भारतात या हौसेच्या आड आणखी एक भिंत होती. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनुसार परवान्याविना बिनतारी उपकरण बाळगण्यास मनाई होती. नंतरच्या काळात बाजारात २७ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या स्वस्त गाड्या आल्या, पण त्यांतून एक निराळाच दोष उघड झाला. एकाच वारंवारतेच्या दोन गाड्या एका इमारतीत आल्या की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी चाले. त्या संदेशाला संबोधन नव्हते. ‘पुढे जा’ एवढेच त्यात होते. कोणी, हे नव्हते. मराठी आज्ञार्थाशी याची तुलना करण्याजोगी आहे. ‘थांब’, ‘चल’, ‘वळ’ ही एकवचनी रूपे म्हणजे निव्वळ धातू. त्यांना प्रत्यय नाही. तोंडासमोर माणूस असेपर्यंत हे चालते. गर्दीत मात्र नाव घेऊनच हाक मारावी लागते.

२८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. कमाल शक्ती १ वॉट ठरली. पुढे २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ व १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली. घरोघरीचे वायफाय आणि नवी दूरनियंत्रित खेळवाहने ही दोन्ही याच पट्ट्यात वावरतात. या पट्ट्यातील काही पद्धतींत संदेश अनेक वारंवारतांवर आळीपाळीने उड्या मारत जातो. ही कल्पनाही मुळात वाहनाच्या दूरनियंत्रणासाठीच निघाली होती: हेडी लामार आणि जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी मिळालेल्या पेटंटमध्ये पाणतीराचे नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून, पियानोच्या ८८ पट्ट्यांइतक्या वारंवारतांची योजना होती.

३. संगणकांचे जाळे : मौन म्हणजे ‘पुन्हा सांगा’

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अलोहा’ हे बिनतारी संगणक-जाळे सुरू झाले. निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे एकाच वारंवारतेवर बोलत. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाई. त्यावर उपाय असा की, संदेश मिळाल्याची पोच यावी. पोच आली नाही, तर थोडा अनियमित काळ थांबून तोच संदेश पुन्हा पाठवावा. येथे मौनाला तिसरा अर्थ मिळाला. ते नकार नव्हे, संमतीही नव्हे. ‘ऐकू आले नाही, पुन्हा सांगा’ असा तो अर्थ. १९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या वायफायने हाच संकेत स्वीकारला.

पत्र पाठवण्यास हा संकेत उत्तम आहे. वाहन चालवण्यास तो घातक ठरू शकतो. कारण पत्र उशिरा पोहोचले तरी पत्रच राहते. ‘डावीकडे वळ’ ही आज्ञा वळण गेल्यावर पोहोचली, तर ती चुकीची आज्ञा होते. संगणकीय संदेशवहनात टीसीपी या पद्धतीने प्रत्येक संदेश क्रमाने व हमखास पोहोचवला जातो. एक हरवला तर मागचे सारे खोळंबतात. अशा रांगेत ‘थांब’ ही आज्ञा चार जुन्या ‘पुढे’ आज्ञांच्या मागे उभी राहते. १९८० मध्ये सिद्ध झालेली यूडीपी पद्धत हरवलेल्या संदेशाचा शोक करीत नाही. ताजा संदेश तेवढा पुढे धाडते. वाहनासाठी सहसा हीच बरी, पण मग हरवलेल्या ‘थांब’चे काय करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

हा प्रश्न आता विद्यार्थ्यांच्या टेबलावर आला आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ या कंपनीची ईएसपी-८२६६ ही वायफायसह चालणारी चकती २०१४ मध्ये बाजारात आली, आणि काही शे रुपयांत कोणत्याही खेळण्याला जाळ्यावरचा पत्ता मिळणे शक्य झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, चकती, मोटरला प्रवाह पुरवणारी पट्टी, चाके व बॅटरी आणावयाची. मोबाइलच्या पडद्यावर चार बाण काढावयाचे. बाण दाबला की संदेश घरच्या राउटरमार्गे किंवा थेट गाडीकडे जातो. संदेशाला आता पत्ता आहे, तेव्हा शेजाऱ्याची गाडी हलत नाही.

परंतु ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील किंवा डोंबिवलीतील दाट वस्तीच्या इमारतीत प्रत्येक घराचा राउटर बोलत असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात भारतात वापरल्या जाणाऱ्या १३ वाहिन्यांपैकी परस्परांना न छेदणाऱ्या तीनच निघतात. मायक्रोवेव्ह शेगडीही याच पट्ट्यात गोंगाट करते. अशा गर्दीत संदेशाला अर्ध्या सेकंदाचा विलंब झाला, तर सेकंदाला दोन मीटर वेगाने जाणारी छोटी गाडी तेवढ्यात एक मीटर पुढे जाते. खोलीत एक मीटर म्हणजे भिंत. तासाला १०० किलोमीटर वेगाच्या आगगाडीला तोच अर्धा सेकंद सुमारे १४ मीटर नेतो.

नवशिक्याची पहिली आज्ञावली बहुधा अशी असते: बाण दाबला की ‘पुढे’ पाठवावे, बोट उचलले की ‘थांब’ पाठवावे. ‘थांब’ हरवले की गाडी थांबत नाही. ही टेस्लाच्या नौकेचीच रचना होय. सुधारलेली आज्ञावली वेगळी असते: बोट दाबलेले असेपर्यंत सेकंदाला दहा वेळा ‘पुढे’ पाठवीत राहावे, आणि अर्धा सेकंद काहीच आले नाही तर गाडीने स्वतःच मोटर बंद करावी. येथे ‘थांब’ ही आज्ञा पाठवण्याची गरजच उरत नाही. ‘पुढे’ न येणे हीच ‘थांब’. पडद्यावरचे बोट म्हणजे मोटरमनचा हात, आणि चार ओळींचा तो कालमापक म्हणजे त्याच्या हाताखालचा दांडा. ज्या लोकलने विद्यार्थी लॅमिंग्टन रोडला जाऊन आला, तिच्याच पुढच्या केबिनमध्ये त्याच्या प्रश्नाचे उत्तर होते.

४. निष्कर्ष

या तीन अवस्थांकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. मौनाला स्वतःचा अर्थ नाही. तो दोन पक्षांनी दूर होण्यापूर्वीच ठरवावा लागतो. व्याकरणाच्या अभ्यासकांना हे नवीन नाही. पाणिनीने लोपाला, म्हणजे अदर्शनाला, व्याकरणात स्थान दिले, आणि अभावही कार्य करतो हे मान्य केले. परंतु जेथे इतर रूपांची व्यवस्था आधीच निश्चित आहे, तेथेच तो कार्य करू शकतो. ‘थांब’ या रूपात प्रत्यय नाही हे कळण्यासाठी ‘थांबा’, ‘थांबू’, ‘थांबो’ ही रूपे ठाऊक असावी लागतात. त्याचप्रमाणे ‘पुढे’ नियमाने येत राहिले, तरच ते न येण्याला अर्थ प्राप्त होतो.

या सूत्राचे महत्त्व खेळण्यापुरते नाही. २०१८ च्या १ डिसेंबरपासून अमलात आलेल्या ड्रोनविषयक नियमांत ‘अनुमती नाही, तर उड्डाण नाही’ ही अट यंत्रातच बसवण्याची कल्पना होती. २०२१ च्या ड्रोन नियमांनीही ती पुढे लागू करता येण्याजोगी सुरक्षा-सोय म्हणून राखून ठेवली. ही लाइन क्लिअरचीच पुनरुक्ती होय. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान या फिरत्या गाडीला पृथ्वीवरून जाणारी आज्ञा विक्रम या अवतरकामार्फत पोहोचे. प्रकाशालाही तेथे जाऊन परतण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात, तेव्हा तो विलंब कोणत्याही कौशल्याने नाहीसा होणारा नाही. आणि खुद्द लोहमार्गही आता बिनतारीकडे वळत आहे: ‘कवच’ ही भारतीय यंत्रणा इंजिन व स्थानक यांच्यात बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करते आणि चालक धोक्याचा सिग्नल ओलांडू लागल्यास ब्रेक लावते, तसेच २०१९ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्प ३-अ मध्ये उपनगरी मार्गांसाठी बिनतारी दळणवळणावर आधारलेल्या गाडी-नियंत्रणाचा समावेश होता. ठाणे-कल्याण मार्गावरील गर्दीचा विचार करता, अशा यंत्रणेत मौनाचा अर्थ किती काटेकोर ठरवावा लागेल, हे निराळे सांगावयास नको. तेथे उणीव राहिली तर माणसे दगावतील. आणि प्रत्येक शंकेला गाडी उभी केली, तर फलाटावर चेंगराचेंगरीचा धोका उद्भवेल. ‘थांबा’ हा अर्थ सुरक्षित खरा, पण तोही फुकट मिळत नाही.

१९९५ च्या सत्तांतरानंतर ‘रिमोट कंट्रोल’ हा शब्द महाराष्ट्राच्या राजकीय भाषेत रूढ झाला, तो पडद्यामागील निरंकुश सत्तेच्या अर्थाने. बटण एकाच्या हाती आणि हालचाल दुसऱ्याची, असे चित्र त्यात आहे. यंत्रविद्येचा इतिहास या चित्राला दुजोरा देत नाही. दूरच्या वाहनावर सत्ता टिकते ती हुकमाच्या जोरावर नव्हे. हुकूम पोहोचणार नाही तेव्हा काय करावे, याचा निर्णय त्या वाहनाकडे आधीच सोपवलेला असतो म्हणून. विद्यार्थी आपल्या गाडीत तो अर्ध्या सेकंदाचा कालमापक लिहितो, तेव्हा तो नेमके हेच करतो: आपला हात पोहोचणार नाही हे मान्य करून, थांबण्याचा अधिकार गाडीला देतो.